चालत्या विचारात चढू नये

माझे काका बोलायला लागले की माणसं शांत होतात, हे आमच्या प्रयोगशाळेत आकड्यांनिशी सिद्ध झालेलं आहे. घरातला अनुभव वेगळा आहे, पण घरात आकडे कोण ठेवतो?

काकांची सगळी नोकरी बसस्थानकाच्या उद्घोषणा खोलीत गेली. खोली कसली, फलाटाच्या टोकाला काचेचा एक खोका. आत एक टेबल, एक मायक्रोफोन, भिंतीवर वेळापत्रक आणि एक पंखा. बोलताना तो पंखा बंद करावा लागायचा, कारण त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरायची. त्यामुळे गर्दीच्या दिवशी काका आत घामाने निथळत असायचे आणि बाहेर ऐकणाऱ्याला वाटायचं की हा माणूस पाण्यात पाय सोडून निवांत बसला आहे. आवाज गोड नाही, भारदस्त नाही, नुसता सपाट. बस वेळेवर असो, उशिरा असो, नाहीतर वाटेत बंद पडून प्रवासी तिला ढकलत असोत, काकांचा सूर तोच. हातघाईवर आलेली माणसं तो सूर ऐकून परत बाकावर टेकायची. "आपल्या बोलण्यात घाई दिसली की फलाटावर पळापळ होते," काका सांगायचे. "आधी आपण बसायचं, मग आवाजाला बसवायचं. लोक आपोआप बसतात."

हे सांगताना ते स्वतः उभे असायचे. काकांचं बूड म्हणून एका जागी टेकत नाही. चहाचा कप हातात घेऊन घरभर फिरतील, नळ नीट बंद आहे का बघून येतील, फ्रिज उघडून आत काही बदल झाला नाही याची खात्री करतील. नोकरी होती तोवर हे सगळं त्या काचेच्या खोक्यात कोंडलेलं होतं. निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी काकूला सळो की पळो करून सोडलं.

"यांना कुठेतरी गुंतव," काकूने मला फोनवर सांगितलं, "नाहीतर मी तरी कुठे नोकरी धरते."

मी मेंदूच्या प्रयोगशाळेत काम करते. ध्यानाला बसणारी माणसं आणि न बसणारी माणसं, दोघांनाही एमआरआयच्या यंत्रात आडवं करायचं आणि त्यांच्या डोक्यात त्या वेळी काय चाललंय ते बघायचं, हा आमचा उद्योग. लोकांना वाटतं आम्ही देव शोधतो. आम्ही बिचारे रक्त कुठे जास्त धावतंय आणि कुठे कमी, तेवढंच शोधतो. यंत्र आमचं नाही, रुग्णालयाचं आहे. दुपारी रुग्ण संपले की आम्हाला मिळतं.

तेव्हा आमची एक अडचण झाली होती. ज्यांनी जन्मात ध्यान केलेलं नाही अशांना यंत्रात पडल्या पडल्या सूचना द्यायला एक आवाज हवा होता. आधी जो ध्वनिमुद्रित केला होता तो एका व्यावसायिक निवेदिकेचा, इतका मधाळ की ऐकून एकीने बाहेर आल्यावर विचारलं, "ही काही विकतेय का?" मला काकांची आठवण झाली. आमच्या प्रमुख मॅडमनी भुवई उंचावली, पण म्हणाल्या, आणा.

काका आले, खुर्चीत बसले, आणि मायक्रोफोन समोर दिसताच त्यांचे पाय हलायचे थांबले. आधी उठून त्यांनी पंखा बंद केला. मग कागद वाचायला लागले. श्वास आत घ्या. श्वास सावकाश सोडा. सोडताना जास्त वेळ घ्या. मनात विचार येतील, येऊ द्या. जातील, जाऊ द्या. इथवर सगळं कागदाप्रमाणे झालं. पण 'येतील-जातील' म्हटल्यावर इतक्या वर्षांची सवय उफाळून आली आणि काका त्याच सपाट सुरात म्हणाले, "चालत्या विचारात चढू अथवा उतरू नये."

ध्वनिमुद्रण करणारा खुर्चीवरून पडायचा राहिला. काकांना कळेचना लोक का हसतायत. आपण काही जास्तीचं बोललो हे त्यांना पट्टी मागे फिरवून ऐकवावं लागलं, तेव्हा कानाची पाळी धरून म्हणाले, "पुसून टाका, पुन्हा वाचतो."

"राहू दे, काका," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला नेमकं हेच सांगायचं असतं आणि आमच्याकडून पानभर मजकूर होतो."

मग मॅडमनी त्यांना समजावलं. आपण काहीच करत नसतो तेव्हा मेंदू गप्प बसत नाही. उलट त्याचे काही भाग तेव्हाच जोरात कामाला लागतात. काल कोण काय बोललं, उद्या काय होणार, लोक मला काय समजतात, असं सगळं 'मी मी' चाललेलं असतं. ध्यानाचा सराव असलेल्यांमध्ये ही बडबड बहुतेक वेळा मंदावलेली दिसते. विचार त्यांनाही येतात, पण आपण एकात चढून भलत्याच गावाला निघालोय हे त्यांच्या लवकर लक्षात येतं. आणि श्वास सोडायला जास्त वेळ का घ्यायचा, तर लांब उच्छ्वासाबरोबर हृदयाचे ठोके जरा संथ होतात, आणि शरीराला निरोप पोचतो की धोका नाही, बसा.

"म्हणजे स्थानकासारखंच," काका म्हणाले. मॅडम म्हणाल्या, साधारण तसंच. आणि काका खूश होऊन निघाले ते जाताना त्यांची छत्री आमच्याकडे विसरून गेले.

ती आठ-दहा मिनिटांची पट्टी प्रयोगापुरती होती, पण तिला पाय फुटले. ज्यांनी यंत्रात ऐकली त्यांनी मागून घेतली, त्यांनी पुढे मेहुण्याला पाठवली, मेहुण्याने कचेरीत. एका दंतवैद्याने ती प्रतीक्षागृहात लावायला सुरुवात केली. पुढे पुढे बँकेत काकांनी नुसतं "पुढचे कोण?" विचारलं तरी रांगेतल्या दोघांनी खोल श्वास घेतला. गल्लीत त्यांचं नाव पडलं श्वासकाका. ते नाव काकांना आवडायचं, हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, पण कुणी हाक मारली की ते पहिल्या हाकेला ओ द्यायचे नाहीत, दुसऱ्या हाकेची वाट बघायचे.

एकदा त्यांच्यासमोरच एक बाई यंत्रातून बाहेर आल्या. वर्षानुवर्षं ध्यान करणाऱ्या, रोपवाटिका चालवणाऱ्या, नखांत माती असलेल्या साध्या बाई. डोळे भरलेले होते. म्हणाल्या, "मी कुठे संपले आणि टेबल कुठे सुरू झालं तेच कळेना. सगळं एकच होतं." काका हादरले. हे आपल्या आवाजाने झालं की काय, या विचारानेच त्यांना दरदरून घाम फुटला. मॅडमनी सांगितलं की डोक्याच्या मागच्या बाजूला, जरा वर, मेंदूचा एक भाग आहे, तो आपलं शरीर कुठवर आहे आणि बाहेरचं जग कुठून सुरू होतं याचा हिशेब ठेवतो. मन फार एकाग्र झालं की काही जणांमध्ये तो भाग मंदावल्यासारखा दिसतो. सगळ्यांमध्ये नाही, आणि का, तेही अजून धड कळलेलं नाही.

"म्हणजे तो अनुभव खरा नव्हे?" काकांनी विचारलं.

"दात दुखला तरी मेंदूत दिसतं, काका. म्हणून दात खोटा ठरत नाही. बाईंना काय भेटलं ते आमचं यंत्र सांगू शकत नाही. भेटलं तेव्हा मेंदू काय करत होता, एवढंच सांगतं."

तो दात काकांनी पुढे सहा महिने गावभर फिरवला. घरी येऊन काकूलाही सांगितला. काकू म्हणाली, "त्या टेबलाची रुंदी मी फोटोत बघितली आहे. त्यावर झोपलं तर कुणालाही कळणार नाही आपण कुठे संपतो."

काकांनाही मग चव लागली. मलाही एकदा आत घाला म्हणून ते मागे लागले. घातलं. कानात त्यांचाच आवाज लावला. चित्रात जे दिसलं त्यात मंदावलेलं असं काही नव्हतं, सुट्टीच्या दिवशीचं बसस्थानक होतं. बाहेर येऊन पहिलं वाक्य काय, तर "तिसऱ्या सूचनेनंतर मी जरा जास्तच थांबलोय." ज्या आवाजावर शेकडो लोक शांत झाले त्यावर शांत न होणारा पहिला माणूस म्हणून आम्ही त्यांची नोंद केली. दुसरा माणूस त्यांच्याच घरात होता.

आता काकू. काकू छापखान्यात मुद्रितशोधक होती. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हे तिचं काम, आणि काम सुटलं तरी हात सुटला नाही. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, काही सुटायचं नाही. छापखान्याच्या मालकाला त्याच्याच भाषणातल्या चुका तिने नाकावर टिच्चून दाखवलेल्या आहेत. काकांची ती पट्टी तिने पहिल्या वाक्यापर्यंत ऐकली. म्हणाली, "'श्वास आत घ्या' यातला 'आत' जास्तीचा आहे. श्वास घेतात तो आतच घेतात." झालं. त्यानंतर काकांनी घरात ती पट्टी लावली नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. काकांना मात्र ते लागलं होतं. हसत हसत का होईना, ते मला म्हणायचे, "तुझ्या काकूला एवढ्या वर्षांत माझा आवाज काही पसंत पडला नाही हो."

असं सगळं मजेत चाललं होतं आणि काकूच्या डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली. आधी तिला वाटलं कुकर. मग त्या कानाने ऐकू कमी यायला लागलं, आणि चालताना मध्येच भिंत धरावी लागायला लागली. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर एखादी गाठ असू शकते. बहुधा साधी, पण आहे की नाही आणि केवढी आहे, हे एमआरआयशिवाय कळणार नाही. असेल तर ती तशीच वाढू देणं बरं नव्हे. आधी कान जाईल, मग पुढचं पुढे.

आणि काकू, जी मालकाला भ्याली नाही, ती त्या यंत्राला भ्याली. अशी भ्याली की विचारू नका. बंद जागेत तिचा जीव घुसमटतो हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण कपाटात शिरायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पहिल्यांदा गेली ती दारावरची पाटी वाचून परत आली. पाटीवर 'धातुच्या वस्तू आत नेऊ नयेत' असं लिहिलेलं होतं. "'धातूच्या' हवं. ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळता येत नाही त्यांच्या हाती मी डोकं देणार नाही," असं सांगून ती तडक रिक्षात बसली. दुसऱ्या खेपेला टेबलावर झोपली, पण टेबल अर्धं आत सरकलं आणि तिने हातातला रबरी फुगा दाबला. तो फुगा रुग्णाला त्यासाठीच दिलेला असतो, दाबला की बाहेर काढतात. बाहेर आली तेव्हा ती पांढरीफटक पडली होती आणि तिने कुठल्याही शब्दातली चूक काढली नाही. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली.

भूल देऊन करता आलं असतं, पण काकूला दमा आहे, डॉक्टर म्हणाले जमत असेल तर जागेपणीच करू. शिवाय भीती समजुतीने जात नाही. मेंदूत खोल आत बदामाएवढा एक भाग असतो, त्याला धोक्याची चाहूल लागली की तो आधी घंटा वाजवतो आणि मग विचारतो की खरंच काही झालंय का. घंटा वाजत असताना 'घाबरू नकोस' असं सांगून काही होत नाही. मी हे काकूला चित्र काढून सांगितलं. ती म्हणाली, "चित्र छान आहे. मी जाणार नाही."

काका खचले. ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "अख्खं गाव माझ्या आवाजाने झोपतं, आणि माझ्या बायकोला मी वीस मिनिटं आडवं पाडू शकत नाही? मग काय करायचंय असल्या आवाजाला?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना असं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि मला वाईटही वाटलं आणि रागही आला, नक्की कुणाचा ते सांगता येणार नाही.

तेव्हा मीच तोडगा काढला. आमच्या प्रयोगासाठी त्या यंत्राला खास कानावर बसणारी साधनं जोडलेली आहेत. यंत्र कितीही आरडाओरडा करत असलं तरी बाहेरून बोललेलं त्यातून आत ऐकू जातं. रुग्णालयाने परवानगी दिली. काका बाहेरून बोलणार, काकू आत ऐकणार. उजवा कान तर चांगला होता. काकूने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "शेवटचं. यानंतर कुणी नाव काढायचं नाही."

त्या सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून आले, जणू कामावर रुजू व्हायचं होतं. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ, मी आणि काका काचेच्या या बाजूला. काकू त्या बाजूला, डोक्याभोवती पिंजरा, डाव्या हातात फुगा, उजवा हात पोटावर. आतल्या कॅमेऱ्यातून तिचा हात आणि पिंजऱ्यातून दिसणारे डोळे आमच्या पडद्यावर दिसत होते. डोकं हलवायचं नाही आणि बोलायचं नाही, हे तंत्रज्ञाने तिला तीनदा सांगितलं. टेबल आत सरकलं. काकांनी खोलीतला पंखा बंद केला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "श्वास आत घ्या..."

फुगा दाबला गेला.

टेबल बाहेर काढलं. मी धावत आत गेले. काकूने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "त्यांना सांग, तो स्थानकावरचा आवाज नको. त्या आवाजात ते 'गाडी थोड्याच वेळात येत आहे' म्हणायचे आणि आम्ही तासन्‌तास ताटकळायचो. तो आवाज ऐकला की मला पक्कं कळतं, काहीतरी घोटाळा झालाय."

मी निरोप सांगितला. काकांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे होता नव्हता तेवढा एकच उपाय होता. "मग काय बोलू?" त्यांनी विचारलं.

"काहीही बोला. घरी बोलता तसं."

टेबल पुन्हा आत गेलं. यंत्र सुरू झालं, शेजारच्याने भिंत पाडायला घेतल्यासारखं. काकू डोळे गच्च मिटून होती आणि फुग्यावरची बोटं पांढरी झाली होती. काका मायक्रोफोनशी वाकले आणि अडखळत म्हणाले, "अगं, आपण पहिल्यांदा भेटलो ती संध्याकाळ आठवते का? मी खोलीत होतो, तू खिडकीशी आलीस..."

पडद्यावर काकूच्या उजव्या हाताचा अंगठा तळव्यात मिटला.

"निळी छत्री होती तुझ्या हातात. तू विचारलंस, गाडी कधी सुटणार?"

तर्जनी मिटली. मग मधलं बोट. मला काही कळेना. मला वाटलं आकडी येतेय की काय, मी तंत्रज्ञाला थांबवणारच होते. काकांनी माझा हात धरला. पडद्याकडे बघत त्यांचे डोळे मोठे झाले होते. "थांब," ते मायक्रोफोनवर हात ठेवून म्हणाले, "चुका मोजतेय ती."

आणि खरंच तसंच होतं. बोलता येत नाही, हलता येत नाही, लाल पेन हाती नाही. बाहेर आल्यावर सांगायच्या म्हणून ती एकेका चुकीला एकेक बोट राखून ठेवत होती. फुग्यावरचा दुसरा हात सैल पडला होता, ते तिच्याही लक्षात आलं नसावं.

मग काका सुटले. पहिल्या तीन चुका प्रामाणिक होत्या, पुढच्या मुद्दाम केलेल्या. आपल्या लग्नात तुझे भाऊ उशिरा आले होते. बोट मिटलं. पहिली भाजी तू खारट केली होतीस. करंगळीही गेली, मूठ पूर्ण झाली. आपली लेक पहिला शब्द बोलली तो 'बाबा'. मूठ उघडून पुन्हा पहिल्यापासून. तू मला पहिलं पत्र लिहिलंस त्यात मीच तुझी एक चूक काढली होती. इथे तर दोन बोटं एकदम मिटली. तंत्रज्ञ तोंडावर हात दाबून हसत होता. यंत्र आत खडखडत होतं, किणकिणत होतं, आणि काकूच्या कपाळावरची आठी भीतीची राहिली नव्हती. ती आठी मी लहानपणापासून ओळखते. वाचतानाची आठी आहे ती.

मॅडम नंतर म्हणाल्या की मेंदूचं अवधान म्हणजे अरुंद बाक, त्यावर एका वेळी एकच जण नीट बसतो. कुणी श्वासाला बसवतं, कुणी जपाला. काकूने नवऱ्याच्या चुकांना बसवलं, आणि भीतीला उभंच राहावं लागलं. पण त्या दिवशी आम्ही कानाचं चित्र काढत होतो, मनाचं नव्हे. त्यामुळे हे विज्ञान म्हणून कुणी सांगू नये.

चुका करता करता काका थकले असतील, किंवा बायको उलट बोलत नाहीये याचं भान त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आलं असेल. त्यांचा आवाज बदलला. घरचाही राहिला नाही आणि स्थानकाचाही नव्हता. "इतकी वर्षं बोलतच आलो मी," ते म्हणाले. "लोकांनी ऐकलं. तुला माझा आवाज कधी आवडला नाही, ते मला ठाऊक आहे. असू दे. पण तुझा कान जायला नको गं. नावडीने का होईना, तू ऐकत राहा."

काकूने उजवा हात टेबलावर आपटला. एकदा, मग दुसऱ्यांदा जोरात. तंत्रज्ञ घाईने म्हणाला, "हलू देऊ नका, शेवटचं चित्र चाललंय." मी काकांच्या हातातून मायक्रोफोन काढून घेतला आणि म्हटलं, "काकू, दोनच मिनिटं, स्थिर राहा." ती राहिली. काका मागे भिंतीला टेकले. "दुखावली ती," ते म्हणाले. "नको ते बोललो." ती दोन मिनिटं ते त्याच जागी उभे राहिले, आणि काका इतका वेळ एका जागी उभे आहेत हे बघून मलाच धास्ती वाटली.

पुढे काय निघालं ते आत्ताच सांगून टाकते, कुणाचा जीव टांगणीला लावणं मला आवडत नाही. गाठ होती. वाटाण्यापेक्षाही लहान आणि निरुपद्रवी. कापाकापी नाही, नुसतं दरवर्षी एकदा यंत्रात जाऊन ती वाढत नाही ना, एवढं बघायचं. डाव्या कानाची गेलेली श्रवणशक्ती परत येणार नाही, उजव्याला धक्का नाही. काकांना आता दरवर्षी नव्या चुका तयार ठेवाव्या लागतात.

पण त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकू बाहेर आली, केस नीट केले, चष्मा लावला आणि बाहेरच्या व्हरांड्यात खुर्चीवर येऊन बसली. काका तिच्या डावीकडे अवघडून बसले. काकूने पाण्याचे दोन घोट घेतले आणि सुरुवात केली. मुद्रितशोधक पहिल्या ओळीपासून खाली जातो, अधलीमधली चूक आधी उचलत नाही.

"संध्याकाळ नव्हती, सकाळ होती. छत्री नव्हतीच, छापखान्याची खाकी पिशवी होती. आणि गाडी कधी सुटणार असं मी विचारलंच नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात, 'सदर गाडी रद्द करण्यात आली असून ती थोड्याच वेळात सुटेल.' मी विचारायला आले होते की रद्द झालेली गाडी सुटते कशी. तर तुम्ही वर न बघता म्हणालात, 'प्रवाशांनी खिडकीशी गर्दी करू नये.' मी एकटी होते."

मला हसू आवरेना. काका मान खाली घालून ऐकत होते.

"माझे भाऊ वेळेवर आले होते, नवरदेव उशिरा आला. भाजी तुम्ही केली होती. लेक पहिल्यांदा 'बस' म्हणाली. खाली बस, की पुरे, की गाडी, ते तिचं तिला ठाऊक. आणि त्या पत्रात तुम्ही चूक काढलीत म्हणे. पत्र तुम्ही लिहिलं होतं, मी तपासून परत पाठवलं होतं."

ती थांबली. काका म्हणाले, "संपल्या?"

"एक राहिली. 'तुला माझा आवाज कधी आवडला नाही.'"

"ती चूक नाहीये," काका म्हणाले. "ते तेवढंच खरं बोललो मी."

"शब्द बरोबर आहेत. मजकूर चुकलाय. मजकुरात हात घालणं हे माझं काम नाही, म्हणून इतकी वर्षं घातला नाही." काकूने चष्मा काढला. "गेल्या वर्षी मी पलंगाची बाजू बदलून घेतली. का?"

"खिडकीचा वारा बाधतो म्हणून. तूच म्हणालीस."

"वारा कसला. डावा कान जातोय हे मला तेव्हाच कळलं होतं. त्या बाजूने तुम्ही काय बोलता ते धड ऐकू येईना. रात्री दिवा घालवल्यावर तुम्ही दिवसभराचं जे काय बडबडता ना, ते. म्हणून उजवा कान तुमच्याकडे करून घेतला. सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असतात."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलले, काहीतरी पुटपुटलेही, पण ते मलाही कळलं नाही आणि काकूला तर नाहीच, कारण ते तिच्या डाव्या बाजूला होते. मग ते उठले, तिच्या समोरून फिरून गेले आणि उजवीकडच्या खुर्चीवर बसले.

"हां," काकू म्हणाली, "आता बोला."